कामट्यांचा तारा

'नाताळ' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो परका आहे हे ध्यानातही येत नाही. पोर्तुगीज भाषेत ख्रिस्तजन्माच्या सणाला 'नाताल' म्हणतात. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, पण शब्द मागे राहिला, सण राहिला आणि सण पाळणारी माणसेही राहिली. हे सारे आपण इतिहासाच्या तासाला ऐकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. माझी या सणाशी ओळख झाली ती मात्र पुस्तकातून नव्हे, तर धसईच्या आमच्या ओटीवर पसरलेल्या बांबूच्या कामट्यांमधून. वार्षिकांकासाठी 'हस्तकलेवर काहीतरी लिही' असे सरांनी सांगितले, तेव्हा पहिल्यांदा आठवल्या त्या या कामट्याच.

धसई ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. आजूबाजूच्या वाड्यापाड्यांतली माणसे बाजारहाटासाठी आमच्याकडे येतात. २०१६ च्या डिसेंबरात 'महाराष्ट्रातील पहिले रोकडरहित गाव' म्हणून आमचे नाव वर्तमानपत्रांतून झळकले होते. पतंगाच्या एका कागदासाठीही आता यंत्रावर कार्ड घासायचे काय, अशी थट्टा तेव्हा आजोबा करीत. कारण पतंगाचा कागद ही त्यांच्या लेखी मोठी गरजेची वस्तू होती.

आजोबा शेतकरी. बुरूडकाम हा काही त्यांचा धंदा नव्हे. पण घरची कणगी, कोंबड्यांचे डालगे, अंगणाचे कुंपण, सारे त्यांच्याच हातचे. दिवाळी आली की आळीभर त्यांचे आकाशकंदील लागत. पुढे बाजारात घडीचे प्लॅस्टिकचे कंदील आले. चाळीस कंदिलांवरून आजोबा दहावर आले, दहावरून दोनावर, आणि एका वर्षी कोयता कुडात खोचला तो तसाच राहिला. ते याबद्दल कधी काही बोलले नाहीत. आमच्या भागात कुणी अशा गोष्टींबद्दल बोलत नाही.

जवळच्या एका उपकेंद्रात तेव्हा एक सिस्टर होत्या. माहेर वसईचे, धर्माने ख्रिस्ती, आणि बोलणे असे की आमच्या आजीला वाटायचे ही आपल्याच कुठल्यातरी मामाच्या गावची. नाताळात त्यांना घरी जायला क्वचितच मिळे. बाळंतीण काही तारीख बघून अडत नाही. एका डिसेंबरात त्या संध्याकाळच्या आमच्या ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, पाच टोकांची चांदणी कराल का? कामटीची. आमच्याकडे दारात लावतात."

"दिवाळी तर सरली की, बाय."

"आमची आता आहे, बाबा."

आजोबांनी कोयता कुडातून काढला, अंगठ्याने धार पाहिली आणि मला म्हणाले, "पाणी आण गं, दगडावर टाकायला."

आता चांदणी कशी करायची ते सांगते. कारण ही माहिती कुठे छापलेली माझ्या पाहण्यात नाही. दीड फुटाच्या दहा कामट्या घ्यायच्या. बांबू ओला नको आणि पार वाळलेलाही नको. ओला असला तर पुढे आकसतो आणि दोरा सैल पडतो; वाळलेला असला तर वाकवताना तडकतो. पाच कामट्या एकमेकींवरून खालून नेऊन एक चांदणी, उरलेल्या पाचांची दुसरी. खरी गंमत आहे ती पुढे. कामट्या एकमेकींना कुठे छेदतात? आजोबांनी डोळ्यानेच जागा धरली. मी पट्टीने मोजून पाहिले, तर प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून पावणेसात आणि सात इंच यांच्या मधोमध छेद येत होता आणि मधला तुकडा राहत होता सव्वाचार इंचांचा. कामटी लांब घ्या, आखूड घ्या, हे प्रमाण बदलत नाही. भूमितीत त्याला सुवर्णप्रमाण म्हणतात, हे मला नंतर कळले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताशी काडीमोड घेऊन इकडे आलेली. पण ही काडी मात्र मोडली नाही.

दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळायची. मग मधल्या पाच छेदांपाशी दोघींच्या मध्ये पाच आडव्या काड्या ताणून बसवायच्या, म्हणजे पोट फुगते आणि चांदणीला अंग येते. या आडव्या काड्याही सव्वाचार इंचांच्याच ठेवल्या, तर आणखी एक सोय होते. समोरचे, मागचे आणि बाजूंचे मिळून वीसही त्रिकोण अगदी एकाच मापाचे निघतात. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून ठेवला की त्यावरून कागदाचे वीस कापता येतात. फक्त चिकटवण्यापुरती कडा चहूकडे जास्त ठेवायची. राहता राहिले पुढचा आणि मागचा असे दोन पंचकोन. मागचा उघडाच ठेवायचा, दिव्यासाठी. कणकेच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालावे, नाहीतर खळीच्या वासाने झुरळे कागद कुरतडतात. (मोरचूद विषारी असते. ती वाटी स्वयंपाकघरात परत नेऊ नये, हे आमच्या आजीचे ठरलेले वाक्य.) दिवा लहान आणि तापत नाही असाच हवा. आणि चांदणी वळचणीच्या आत टांगावी. डिसेंबरच्या दवाने कागद सैल पडतो.

जर्मनीतील नीस्की गावात मोरावियन पंथाची एक शाळा होती. १८३० च्या दशकात तिथे कागदाचे बहुटोकी तारे प्रथम झाले, आणि तेही भूमितीचा धडा म्हणून! तिकडे फिलिपाईन्समध्ये बांबूच्या काड्या आणि कागद यांचाच पाच टोकांचा तारा नाताळात दारोदार लागतो. त्याला 'पारोल' म्हणतात. जिथे बांबू आहे, कागद आहे आणि काळोखी रात्र आहे, तिथे माणसाला हेच सुचत असावे. आमच्या आजोबांना ना नीस्की ठाऊक, ना फिलिपाईन्स.

तारा झाला तशी सिस्टरांना गव्हाणीचीही ओढ लागली. गव्हाण म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी गवत आणि जिवंत बैल-गाढव आणून असा देखावा उभा केला, तिथून ही चाल पसरली असे मानतात. आम्हांला गवत शोधत फिरावे लागले नाही. झोडणीचे दिवस होते, पेंढ्याचे भारे अंगणातच होते. गोठा कसा असतो हेही कुणी शिकवायला नको होते. पोफळीची विरी नाही म्हणून आम्ही पळसाच्या पानांनी छप्पर शाकारले. शेणामातीची जमीन केली, बैल मातीचा केला. पोळ्यासाठी बैल करायचा हात होताच. गाढव मात्र कुणालाच जमेना. शेवटी त्याचे कान मोठे करून वेळ भागवली. बाजारातल्या देखाव्यांवर कापसाचा बर्फ असतो, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने सावरीचा कापूस आणला, तर सिस्टर हसून म्हणाल्या, "अगं, बर्फ कशाला? आपल्याकडे जन्माला आला असता तर अंगणात पेंढाच असता ना?"

त्यांनी एका पसरट टोपलीत माती घालून नाचणी पेरली. आठ-दहा दिवसांत तिचे हिरवेगार कोंब येतात आणि ते गव्हाणीपुढे शेत म्हणून मांडतात. आजी ते बघून चकितच झाली. "हा तर आपला घट!" म्हणाली, आणि त्या टोपलीला पाणी किती घालायचे, ऊन किती दाखवायचे, याचा ताबा तिने जो घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

इथवर सारे गोड झाले. पण आमच्या नात्यातल्या एका काकांना ते रुचले नाही. तारा आमच्या ओटीवर वाळत टांगला होता. काका अंगणातूनच म्हणाले, "आता बाटायचेच तेवढे बाकी राहिले का?" आजोबा कामटी तासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या सुनेची दोन्ही बाळंतपणं रात्री-बेरात्री येऊन हिनेच केली ना? तवा नाही विचारलंस." काका निघून गेले. झोडणीला त्यांच्या घरची चार माणसे आमच्याकडे येत आणि आमची त्यांच्याकडे जात, ही पिढ्यांची रीत. त्या वर्षी ती माणसे आली नाहीत. आई-बाबा आणि आम्ही दोघी बहिणींनी आठ दिवस जास्त खपून झोडणी उरकली. माझ्या हातांना फोड आले होते. बाबा चिडले होते, पण काकांवर नव्हे, आजोबांवर. "एका कागदाच्या चांदणीपायी चार माणसं तोडली," असे ते आईला म्हणाले. मला त्यांचेही म्हणणे खोटे वाटले नाही. ज्याला भात घरात आणायचे असते त्याला चार माणसांचा हिशेब ठेवावाच लागतो. आजोबांनी मात्र चोवीस तारखेला संध्याकाळी स्वतः जाऊन सिस्टरांच्या खोलीवर चांदणी टांगली.

दुसऱ्या वर्षी सिस्टरांच्या भावाचा निरोप आला: आमच्या आळीसाठी बारा चांदण्या हव्यात. भाव काय, हा प्रश्न निघाला. आजोबा म्हणत, सणाच्या वस्तूचे फक्त सामानाचे पैसे घ्यावेत. बाबा म्हणत, धाकटीची फी भरायची आहे. अखेर सिस्टरांनीच शंभर रुपये ठरवले. मी वहीत मांडून पाहिले. दिवसाकाठी दोन चांदण्या होतात. कागद, दोरा, खळ यांचे वीस-वीस रुपये वजा जाता दिवसाचे एकशे साठ उरतात. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर रोजाने गेले असते तर याहून जास्त मिळाले असते. हस्तकलेचे गोडवे गाणारी भाषणे आपण स्नेहसंमेलनात ऐकतो. त्यांत हा हिशेब कधी कुणी मांडत नाही.

चांदण्या पोचवायला मी आणि बाबा गेलो. आडव्या काड्या बसवायच्या आधी चांदणी अगदी सपाट असते. त्यामुळे बाराही चौकटी भाकरीच्या चवडीसारख्या बांधून आम्ही एस्.टी.ने कल्याणला आणि पुढे दिव्याहून वसईच्या गाडीने गेलो. २०१४ च्या ऑगस्टात पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर वसई आणि धसई एकाच ठाणे जिल्ह्यात होत्या. तरी आमच्या घरातून वसईला जाणारी पहिली माणसे आम्हीच.

त्या अंगणात आम्ही खळ शिजवली. शेजारच्या बायका, मुले गोळा झाली. लाल लुगडे नेसलेल्या एक आजी खळीचे बोट माझ्याहून सफाईने फिरवीत होत्या. त्यांची बोली मला निम्मी कळे, निम्मी अंदाजाने. लहानपणी त्यांच्याकडेही चांदण्या घरीच होत, म्हणाल्या. पण आता कामटी तासणारा हात राहिला नाही. आत करंज्या तळणे चालले होते. कोपऱ्यात सुरूची फांदी डब्यात रोवून तिला रंगीत कागदाच्या साखळ्या घातल्या होत्या. साखळीची कृती अगदी सोपी: बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एकीत एक कडी, बस्स. एवढ्यात बाबा, जे सारी वाट गप्प होते, ते खाली बसले आणि एका मुलाला दोरा कसा आवळायचा ते दाखवू लागले. त्यांना हे काम येते, हे मला त्या दिवशीच कळले. आजोबांकडून ते कधी शिकले आणि कधी सोडले, कोण जाणे. मी विचारले नाही.

संध्याकाळी बाराही चांदण्या एकदम पेटल्या. आम्हांला शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून मध्यरात्रीच्या मिस्सेला थांबता आले नाही. पिशवीत करंज्यांचा डबा होता. परतल्यावर आईने त्यातल्या चार काकांच्या घरी पाठवल्या. डबा रिकामा होऊन परत आला, एवढे खरे. पुढच्या झोडणीला त्यांची दोन माणसे आली. चांदणीला मात्र काका अजून चांदणी म्हणत नाहीत, 'ते' म्हणतात.

सिस्टरांची पुढे दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. छेदाची जागा डोळ्याने धरता येत नाही, म्हणून त्यांनी दोन खाचांची एक मापकाठी केली आहे. ती माझ्याकडे असते. कामट्या बाबा तासतात, बांधते मी. बांधून झाल्यावर आजोबा प्रत्येक टोक बोटांनी चाचपतात आणि एखादे सैल लागले तर काही न बोलता चौकट परत माझ्या मांडीवर ठेवतात. यंदाच्या अठरा चौकटी माळ्यावर तयार आहेत. पांढरा कागद मिळाला आहे. लाल अजून मिळालेला नाही, तो कल्याणहून आणावा लागेल.