पलटण आमची कशी?

हिंगोलीची प्रो कबड्डीत टीम नाही, आणि मी म्हातारा होईस्तोवर येईल असंही वाटत नाही. तरी आमच्या गावातली निम्मी पोरं पुणेरी पलटणची आहेत. उरलेली यू मुंबाची, तीही अनुप कुमार खेळायचा तेव्हापासूनची, म्हणजे जरा वयस्कर. मला कुणी विचारलं की तुझा आणि पुण्याचा काय संबंध, तर मी ट्रॅव्हल्सचं वेळापत्रक दाखवतो. संध्याकाळी हिंगोलीतून निघालेली गाडी सकाळी वाकडला पोरं उतरवते. कुणी चाकणच्या कंपनीत, कुणी एमपीएससीला, कुणी डिलिव्हरीला. मराठवाड्यातल्या पोरांना पुणं आवडतं की नाही हा प्रश्नच नसतो. गाडी तिकडंच जाते.

आज भाऊबीज झाली. लीगचे सामने संपत आले आणि पलटण पहिल्या दोनात आहे. म्हणजे थेट क्वालिफायर-१. तिथं हरलो तरी आणखी एक संधी, जिंकलो तर सरळ ३१ ऑक्टोबरची फायनल. बाकीच्यांनी आता प्ले-इन, एलिमिनेटर अशा पायऱ्या चढायच्या. या हंगामापासून गुणांचं गणितही सोपं झालं आहे. जिंकलं की २, हरलं की भोपळा. आधी सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक गुण पदरात पडायचा. बरोबरी झालीच तर पाच-पाच चढाया, त्यातही नाही सुटलं तर गोल्डन रेड. मला हे आवडलं. हरण्यातली सांत्वनं गेली.

माझा अंदाज असा की पलटण फायनलला जाईल. कारण ही एकट्यादुकट्यावर उभी असलेली टीम नाही. २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हंगामात अस्लम इनामदार, मोहित गोयत अशी कोरी पोरं त्यांनी सरळ मॅटवर उतरवली. अस्लम श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा. आता तो कर्णधार आहे, आणि मधल्या काळात हांगझोच्या एशियन गेम्सचं सुवर्णही गळ्यात पडलं. आदित्य शिंदे, पंकज मोहिते यांच्यापैकी कुणाचा तरी दिवस चांगला निघतोच. मागं गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन कमी बोलतात, घोटा मात्र सोडत नाहीत.

पण दिल्ली नडेल. सामने दिल्लीतच, त्यागराज स्टेडियमात, आणि दबंग दिल्लीही पहिल्या दोनात. त्यांच्याकडं आशू मलिक आहे आणि डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली. हाच फझल २०२२ ला आमचा कर्णधार होता. त्या वर्षी फायनलला जयपूरकडून ३३-२९ हरलो. घरचा माणूस समोर उभा राहिला की त्याला आपली सगळी चाल ठाऊक असते. सोयरिकीतल्या भांडणासारखं असतं ते.

आणि पलटणचा इतिहास तसा भरवशाचा नाही. मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा कप घेतला, त्या हंगामात लीगमधल्या २२ पैकी फक्त दोन सामने हरलो होतो. पुढच्याच हंगामात अस्लमचा गुडघा गेला आणि पहिल्या सहातही आलो नाही. प्लेऑफ नेमके बालेवाडीत होते. मी तेव्हा हिंजवडीत बारा तासांची ड्युटी करत होतो, बालेवाडी हाकेच्या अंतरावर, आणि तिथं आपलीच टीम नाही. आम्हाला कप जिंकून देणारा मोहम्मदरझा शादलू त्या वेळी हरियाणाकडून खेळला आणि कप घेऊन गेला. मी तिकीट काढलं नाही. रूममेट जाऊन आला, त्याच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही.

हे सगळं मी घरात सांगतो तेव्हा अण्णा म्हणतात, "तुमच्या पलटणीला सोयाबीन लागलंय का रे पाण्यात?"

लागलंय आमचंच. सप्टेंबरात कयाधूचं पाणी शेतात शिरलं, शेंगा झाडावरच उगवल्या. पंचनामा झाला, राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आमच्या खात्यात किती येतं ते बघायचं. हमीभाव ५,३२८ आहे, पण काळ्या पडलेल्या दाण्याला तो कोण देतो? हळद उभी आहे, तिची मुळं कुजली नाहीत तर वसमतच्या बाजारात काहीतरी होईल.

अडचण आहे ती धाकट्याची. तो १९ वर्षांचा, रेडर. जत्रेतल्या ६५ किलो गटात त्याचं नाव चालतं. मातीवर खेळून गुडघे सोललेले, मॅट त्यानं परभणीत दोनदाच पाहिली. आता त्याला पुण्यात जाऊन क्लबात खेळायचंय, प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत, पोलिसात लागता येईल. त्याचं गणित चुकीचं नाही. खोलीभाडं, मेस आणि अंडी-दूध धरून महिन्याचा हिशेब मी मांडला. त्यातले निम्मे मी पाठवू शकतो. उरलेले सोयाबीनचे होते.

अण्णांनी नाही म्हटलेलं नाही. "दिवाळी होऊ द्या," म्हणाले होते. दिवाळी झाली. धाकटा विचारत नाही आणि मी काढत नाही. रोज संध्याकाळी तो माझ्या शेजारी बसून मोबाइलवर सामना बघतो, अस्लमचा डावा पाय बोनस रेषेकडं सरकला की याचाही पाय गोधडीखाली हलतो. दिल्लीविरुद्ध काय होईल, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, फझलच्या कोपऱ्याकडं जायचंच नाही. त्याला वाट बघू द्यायची. तो कंटाळून पुढं येतो."

परवाच्या गाडीत माझी एक सीट बुक आहे. शेजारची अजून रिकामी दाखवते.