गँगवे उतरा, चालायला लागा!

भूमध्य समुद्रातली क्रूझ, प्रत्येक बंदरावर हातात जेमतेम आठ तास आणि सोबत बायपास झालेले बाबा. टूरच्या बसमध्ये न बसता पाहिलेल्या चार शहरांची ही गोष्ट.

क्रूझ म्हटलं की काय येतं डोळ्यांसमोर? निळाशार स्विमिंग पूल, न संपणारा बुफे, छत्रीवालं ड्रिंक आणि मित्रमंडळींना जळवायला शंभर फोटो. एकदम सही! पण खरी गंमत सुरू होते सकाळी, जहाज धक्क्याला लागतं तेव्हा. त्या क्षणी जहाजावरच्या पब्लिकचे दोन गट पडतात. पहिला गट छातीवर नंबराचा स्टिकर लावून टूरच्या बसच्या रांगेत उभा राहतो. दुसरा गट बुटांच्या नाड्या आवळतो आणि सरळ चालायला लागतो. आम्ही दुसऱ्या गटातले. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा.

बाबांनी चौतीस वर्षं मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी केली. कुठलं जहाज कधी आलं, कुठल्या धक्क्याला लागलं, कधी सुटलं, याच्या नोंदी ठेवायच्या. स्वतः मात्र भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच सोडली, तर कशातही बसले नाहीत. मग रिटायरमेंट आली, पाठोपाठ बायपास आली, आणि बाबा जे सोफ्यावर बसले ते बसलेच. डॉक्टर म्हणाले, चाला. बाबा म्हणाले, "कुठे चालू? सोसायटीला फेऱ्या मारायला मी काय वॉचमन आहे?"

आमचं आपसातलं बोलणंही तोवर 'जेवलीस का?' आणि 'गोळ्या घेतल्या का?' या दोन प्रश्नांवर येऊन थांबलं होतं. त्याला कारण होतं. चांगली पर्मनंट नोकरी सोडून मी फ्रीलान्सिंग सुरू केलं, ते त्यांना पटलेलं नव्हतं. एक तारखेला पगार जमा होत नाही त्याला काम कसं म्हणायचं? शेजाऱ्यांनी विचारलं की ते सांगायचे, "घरीच असते सध्या." हे वाक्य मला जाम लागायचं.

एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे आले तेव्हा मी बार्सिलोनाहून सुटणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं काढली. ऑक्टोबर महिना, बिनखिडकीची केबिन, म्हणजे जरा परवडणारी. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. तासाभरापेक्षा जास्त सलग चालायचं नाही आणि चढ टाळायचा.

आधी नकाशा, मग हौस

या अटींमुळे मला नकाशा नीट वाचावा लागला, आणि पायी फिरण्याचा पहिला फंडा तिथेच कळला. क्रूझच्या पत्रकावर शहराचं नाव असतं, जहाज मात्र धक्क्याला लागतं. या दोघांत किती अंतर आहे, ते बुकिंगच्या आधी पाहायचं. पत्रकावर 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज थांबतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम ट्रेनने साधारण तासाभरावर. बार्सिलोनात शहराला खेटून असलेलं टर्मिनल ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूझसाठी बंद झालं. आता जहाजं लांबच्या धक्क्यावर लागतात आणि शटल बसने कोलंबसच्या पुतळ्यापर्यंत यावं लागतं. ला राम्बला हा प्रसिद्ध रस्ता तिथूनच सुरू होतो.

मार्सेयमध्येही क्रूझचं टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच दूर. आम्ही त्या दिवशी उतरलोच नाही. बाबा सकाळी डेकवर कठड्याला टेकून उभे होते. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी समुद्रात उडी मारली ती याच बंदरात. शाळेत शिकलेलं ते वाक्य आम्हा दोघांनाही पाठ होतं. "किनारा दिसायला केवढा जवळ वाटतो!" एवढंच बाबा म्हणाले.

जेनोआ, नेपल्स, पालेर्मो आणि वॅलेटा ही चार बंदरं मात्र चालणाऱ्यांसाठीच आहेत. जहाजाबाहेर पडलात की समोर शहर!

बेसनाचा पोळा आणि मोडलेली बोटं

जेनोआत टर्मिनलमधून निघून दहा-पंधरा मिनिटांत आम्ही विया बाल्बी या जुन्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना वाडे कसले, राजवाडेच. सोळाव्या-सतराव्या शतकात जेनोआच्या प्रजासत्ताकाकडे पाहुण्यांसाठी राजवाडा नव्हता. म्हणून श्रीमंतांच्या घरांच्या याद्या केल्या होत्या. पाहुण्याचा जसा दर्जा, तसं घर ठरायचं. या 'रोल्ली' वाड्यांपैकी ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. बाबा खूश! "म्हणजे पाहुण्यांची ड्यूटी लावायचे," म्हणाले.

मग अरुंद बोळांतून खाली बंदराकडे. तिथल्या कमानींखालच्या दुकानात फारिनाता मिळाला. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, आणि हे सगळं मोठ्या तांब्याच्या परातीत घालून भट्टीत भाजलेलं. बाबांनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "पोळा आहे हा. मिरची विसरलेत."

जुनं बंदर, पोर्तो अँतिको, पाहून मात्र ते गप्प झाले. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली म्हणून १९९२ मध्ये रेन्झो पियानो या आर्किटेक्टने ते नव्याने आखलं आणि लोकांसाठी खुलं केलं. जुन्या धक्क्यांवर पोरं सायकली चालवत होती. "आमच्याकडे भिंतीच भिंती. आम्ही आत, तुम्ही बाहेर," बाबा म्हणाले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर राहूनही आपल्याला समुद्र का दिसत नाही, हे त्यांनी मला पहिल्यांदाच समजावून सांगितलं. एक बाक, पाऊण तास. आमच्यात इतकं सलग बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

नेपल्सला जहाजातले बहुतेक लोक पॉम्पेई नाहीतर काप्री बेटाकडे पळाले. आम्ही रस्ता ओलांडला, बस्स. तेराव्या शतकातला कास्तेल नुओवो किल्ला टर्मिनलच्या अगदी समोर आहे. त्याच्या शेजारच्या चौकात मेट्रोचं खोदकाम चालू असताना, २००३-०४ च्या सुमारास, रोमन काळातली जहाजं सापडली. म्हणजे प्राचीन बंदर या चौकाच्या खाली होतं, समुद्र नंतर मागे सरकला. बाबा चौकात उभे राहून पायाखाली बघत राहिले. "मी चौतीस वर्षं नोंदी लिहिल्या गं. जहाजं येतात कुठून, ते बघायचं राहून गेलं होतं."

पुढे स्पाक्कानापोलीचा सरळसोट रस्ता. वर दोरीवर वाळत घातलेले कपडे, खाली हॉर्न वाजवणाऱ्या स्कूटर, खिडकीतून खिडकीत चाललेल्या गप्पा. थेट गिरगाव! चार घड्या घातलेला पिझ्झा हातात धरून उभ्याने खाल्ला. कॉफीच्या काउंटरवर 'काफे सोस्पेसो'ची जुनी रीत कळली. दोन कॉफींचे पैसे द्यायचे, एक आपण प्यायची, दुसरी येणाऱ्या एखाद्या गरजूसाठी ठेवायची. बाबांनी लगेच दोनाचे पैसे दिले. माझ्याकडे न मागता, स्वतःच्या खिशातून.

गँगवे कुणाची वाट पाहत नाही

आता टेन्शनची गोष्ट. जहाजाच्या अधिकृत टूरची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही आपापले गेलात आणि उशीर केलात तर नाही थांबत, सिंपल! परतायची वेळ जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते. जहाजावरचं घड्याळ आणि गावातलं घड्याळ वेगळं असू शकतं. बाबांचा नियम साधा होता. मिळालेल्या वेळाचा अर्धा भाग संपला की जिथे असू तिथून तोंड फिरवायचं, आणि शेवटचे दोन तास जहाज दिसेल अशा ठिकाणीच घालवायचे. या नियमामुळे गर्दीची बरीच 'मस्ट सी' ठिकाणं सुटली. पण धावपळ नाही, छातीत धडधड नाही.

पालेर्मोमध्ये हा नियम कामाला आला. सपाट रस्त्याने पंधरा-वीस मिनिटांत तेआत्रो मास्सिमो हे १८९७ साली सुरू झालेलं भव्य ऑपेरा हाऊस आलं. 'गॉडफादर'च्या तिसऱ्या भागाचा शेवट ज्या पायऱ्यांवर घडतो, त्या याच. तिथून आम्ही बाल्लारोच्या बाजारात शिरलो. भाजीवाल्यांची आरोळी ऐकून दादरची आठवण आली. पानेल्ले म्हणजे बेसनाच्या पातळ तळलेल्या वड्या, तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून. वडापावचा मावसभाऊच! बाबांना दुसरा हवा होता, पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. वाटेत दम लागला म्हणून दोनदा बसलो. मी घाबरले होते. ते शांत होते. "वेळ हातात ठेवलाय ना आपण," म्हणाले.

वॅलेटाची मला धास्ती होती, कारण ते गाव तटबंदीच्या वर वसलेलं आहे. पण धक्क्यापासून थोडं चाललं की ५८ मीटर उंचीची बाराक्का लिफ्ट आहे, २०१२ पासून सुरू. काही सेकंदांत आम्ही वरच्या बागेत! बरोबर बारा वाजता खाली तोफ उडाली आणि सगळं ग्रँड हार्बर घुमलं. सेंट जॉन्सच्या कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं १६०८ सालचं प्रचंड चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही सांडलेल्या रक्तात रंगवलेली. बाबा ते चित्र बघत पंधरा मिनिटं बसले आणि म्हणाले, "तू हे असं बघून लिहितेस होय?" मी फक्त मान हलवली.

तुम्ही जाणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टचं ऊन पायी फिरणाऱ्यांसाठी नाही. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घातले तर चर्चच्या दारात अडत नाही. जहाज शेंगेन देशांबाहेर, तुर्किये किंवा ट्युनिशियाला जाऊन परत येणार असेल तर मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा नंबर असतो, तो खिशात हवा. आणि गावकऱ्यांच्या बोळात आवाज बेतानेच. क्रूझच्या गर्दीला ही शहरं वैतागली आहेत. इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेक्का कालव्यातून बंदी घातली, ती उगाच नाही.

बाबा आता रोज सकाळी चालतात. रविवारी फोर्टात जातात, बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या इमारती पाहतात. त्यांनी एक नवं रजिस्टर आणलंय आणि त्यात पट्टीने रकाने आखलेत : बंदर, धक्का ते गाव अंतर, चढ आहे का, बसायला बाक आहेत का. चार ओळी भरल्यात. पाचवीत पेन्सिलने 'पिरेअस?' लिहिलंय.

माझ्या कामाला ते अजूनही नोकरी म्हणत नाहीत. पण परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुलगी काय करते सध्या?" तेव्हा बाबा म्हणाले, "लिहिते."