माशीएवढा मेंदू

गतवर्षीं वर्गांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. एका विद्यार्थ्यास चौथ्या दिवशींहि कविता पाठ येईना, तेव्हां त्राग्यानें आम्ही म्हणालों, "अरे, तुझा मेंदू माशीएवढा आहे!" वर्ग हंसला. तो मुलगा खालीं मान घालून बसला.

शाळेमागील चिंचेच्या ढोलींत सातेरी मधमाश्यांचें पोळें आहे. पुढील आठवड्यांत त्याच मुलानें मधल्या सुटींत पायरीवर दोन बशा मांडल्या. एकींत केवड्याचा वास दिलेलें साखरेचें पाणी, दुसरींत वेलदोड्याचा वास दिलेलें नुसतें पाणी. दोन दिवस माश्या पहिलीवर येत राहिल्या. तिसऱ्या दिवशीं त्यानें बशा धुऊन त्यांच्या जागा बदलल्या आणि दोहोंत वासाचें, पण बिनसाखरेचें पाणी घातलें. बहुतेक माश्या केवड्यावरच उतरल्या ! अशा तऱ्हेचे प्रयोग कार्ल फॉन फ्रिश यांनीं १९१९ सालीं प्रसिद्ध केले होते. मुलास त्यांचें नांवहि ठाऊक नव्हतें. हा खटाटोप कशासाठीं, असें विचारतां तो म्हणाला, "सर, माशीचा मेंदू कसा असतो तें पाहत होतों."

मग ग्रंथ उघडणें आम्हांस भागच पडलें. मधमाशीस नाक नाहीं; वास घ्यावयाचा तो मिशांनीं. एकेका मिशीवर वास जाणणाऱ्या सुमारें साठ हजार पेशी असून त्यांचे तंतु मेंदूंतील सुमारें १६० सूक्ष्म गांठींत येऊन मिळतात. केवड्यानें कांहीं गांठी चेततात, वेलदोड्यानें निराळ्या. बाजाच्या पेटीवर निरनिराळ्या पट्ट्या एकदम दाबाव्या, तसा हा प्रकार. तेथून वार्ता भूछत्राच्या आकाराच्या दोन भागांस पोंचते. हे भाग फ्रेंच पंडित फेलिक्स द्युजार्दँ यांनीं १८५० सालीं वर्णिले. तेथें लक्षावधि पेशी आहेत. परंतु एका वासानें त्यांतील थोड्याच जाग्या होतात, म्हणून एका वासाची आठवण सहसा दुसऱ्यांत मिसळत नाहीं.

आम्हांस खरें नवल वाटलें तें पुढेंच. गोडीची वर्दी या सर्व ठिकाणीं पोंचविणारी एक पेशी आहे. १९९३ सालीं मार्टिन हामर यांनीं माशीस वास दिला आणि साखरेऐवजीं केवळ ती एक पेशी विजेच्या प्रवाहानें चेतविली. तेवढ्यानें माशी तो वास शिकली! (आम्हीं त्या मुलास चार दिवस कविता दिली, साखर एकदांहि दिली नाहीं.) आणि हा सारा कारभार दहा लाखांहूनहि कमी मज्जापेशींच्या, मोहरीएवढ्या मेंदूंत चालतो.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व आम्हीं वर्गास सांगितलें आणि सर्वांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. तो उभा राहून म्हणाला, "सर, मग माशीएवढा म्हणजे अगदींच वाईट नव्हे ना ?" वर्ग पुन्हां हंसला, या खेपेस तोहि हंसला.

कविता त्यास अद्यापि पुरती येत नाहीं. तिसरें कडवें गाळतो.