बापूकुटीतले घड्याळ

वर्ध्याहून सेवाग्राम अवघे आठ किलोमीटर. आश्रमाच्या आवारात शिरले की शहरातून आलेल्या माणसाचे पाऊल आपोआप मंदावते. माती, बांबू आणि कौले यांनी उभी केलेली बापूकुटी इतकी साधी, की मुले विचारतात, “एवढीच?” हो, एवढीच!

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे राहावयास आले, तेव्हा या खेड्याचे नाव शेगाव होते. वय सहासष्ट, रक्तदाबाचा विकार, आणि माथ्यावर साऱ्या देशाचा व्याप. पाहुण्यांची रीघ आणि पत्रांचा ढीग रोजचाच. एवढ्या ताणाखाली माणूस मोडायचा. परंतु कमरेला लटकणाऱ्या घड्याळाने त्यांना सावरले असावे, असे ही कुटी पाहताना वाटते.

पहाटेची प्रार्थना, फिरणे, सूतकताई, बेताचे जेवण, सायंप्रार्थना: प्रत्येकाची वेळ ठरलेली. सोमवारी मौन, अगदीच अडले तर चिठ्ठी लिहायची. कुष्ठरोगाने पीडित संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आल्यावर त्यांची शुश्रूषाही या दिनक्रमात सामावली. त्यांची कुटी आजही पाहावयास मिळते. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला, तो जवळच वर्ध्यात. एवढे वादळ दाराशी आणि आत चरखा फिरतो आहे!

तुम्ही म्हणाल, घड्याळ तर आमच्याही मनगटावर असते. आठ बाराची लोकल, मुलांची शाळा, कचेरीतली हजेरी. त्या घड्याळानेच तर जीव मेटाकुटीला येतो. खरे आहे. पण ते घड्याळ दुसऱ्याने आपल्याला लावलेले असते. सेवाग्रामचे घड्याळ स्वतःहून बांधून घेतलेले होते. जी गोष्ट एकदा ठरली, तिच्याविषयी रोज मनाशी हुज्जत घालावी लागत नाही. उरलेली शक्ती कामाला येते, आणि चिंतेला दिवसभर घरात मोकाट हिंडता येत नाही.

आश्रमात आजही पहाटे आणि सायंकाळी प्रार्थना होते. तिच्यासाठी एखादा मुक्काम जरूर करावा. मात्र सबंध आश्रम घरी नेण्याचा हव्यास नको. ठरल्या वेळी उठणे, पाव तास मौन, रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र: यातले एकच व्रत घ्यावे, पण ते पाळावे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एवढी जागा सहज निघते.