गोळ्यांचा हिशेब आणि दोन दिवसांची मुंबई

प्रवासाची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तिकिटे, कपडे आणि वाटेतला खाऊ येतो. घरातील वृद्ध व्यक्ती बरोबर असेल, तर सर्वांत आधी औषधांचा डबा उघडावा, असे मी माझ्या रुग्णांना गेली तीस वर्षे सांगत आलो आहे. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला हा सल्ला मी स्वतःच्या घरी पाळला आणि त्या डब्यात मला जे आढळले, ते तुम्हांला सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात मी बावीस वर्षे डॉक्टर म्हणून काम करीत आहे. संध्याकाळी घराजवळ माझा लहानसा दवाखानाही असतो. पावसाळ्यात बातमी आली की उत्पादन दुसरीकडे हलवले जाणार आहे आणि इथली पदे टप्प्याटप्प्याने रद्द होतील. पत्र कोणाला आणि केव्हा मिळेल, हे मात्र कोणी सांगेना. त्यानंतर माझ्या टेबलासमोर येणाऱ्या तक्रारी बदलल्या. कोणाची झोप उडाली, कोणाला छातीत धडधड जाणवू लागली, वर्षानुवर्षे स्थिर असलेले रक्तदाब चढू लागले. ‘घरी बोला, मनात ठेवू नका,’ असे मी प्रत्येकाला सांगत होतो. मी स्वतः मात्र केवळ पत्नीशी बोललो होतो. माझे वय छप्पन्न, पदवी एमबीबीएस. नवी नोकरी सहज मिळेल अशी स्थिती नव्हती. शहात्तर वर्षांच्या आईला हे कळूच नये, अशी मी खबरदारी घेतली होती. निदान माझी तशी समजूत होती.

आठ हजारांची मर्यादा

आईचा जन्म लालबागचा. ‘एकदा चाळ दाखवून आण,’ असे ती अनेक वर्षे म्हणत होती आणि मी दर वेळी पुढच्या वर्षाचा वायदा करीत होतो. या वेळी पत्नी म्हणाली, “पत्र आल्यावर तर तुम्ही मुळीच निघणार नाही. आताच जाऊ, थोडक्यात जाऊ.” आम्ही तिघांसाठी दोन दिवस, एक रात्र आणि आठ हजार रुपये अशी मर्यादा ठरवली.

पहिला प्रश्न वाहनाचा होता. राज्य परिवहनाच्या बसमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास करता येतो आणि महिलांना अर्धे भाडे पडते. रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मात्र २०२० मध्ये थांबली. हिशेब बसच्या बाजूने होता, तरीही आम्ही रेल्वेचे द्वितीय श्रेणीचे आरक्षण केले. कारण साधे आहे. आईच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी आहे आणि रेल्वेच्या डब्यात शौचालय असते. लघवीच्या भीतीने अनेक वृद्ध प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत, काही जण ती गोळीच टाळतात. तसे करू नये. गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

मग डबा उघडला. दोन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या काढताना माझ्या लक्षात आले की महिना संपत आला तरी रक्तदाबाची चार पाकिटे शिल्लक आहेत. एकच उरायला हवे होते.

“आई, एवढ्या गोळ्या उरल्या कशा?”

तिने साडीचा पदर सारखा केला. “एक दिवसाआड घेते. मला काही होत नाही.”

“कधीपासून?”

“तुझं काम बंद होणार म्हणे. फोनवर बोलत होतास. तेवढाच हातभार.”

मी रक्तदाब मोजला. तो १७६/१०० होता. तीन महिने मी कारखान्यातील शेकडो माणसांच्या दंडाला पट्टा बांधत होतो आणि माझ्याच घरात हे घडत होते. तिच्या या काटकसरीतून महिन्याला दोनशे रुपयेही वाचत नव्हते. डोकेदुखी नाही, चक्कर नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा बोलत नाही, म्हणूनच त्याची भीती बाळगावी. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवल्यास दाब उसळून वर येतो. सहल आम्ही तीन आठवडे पुढे ढकलली. गोळ्या रोज सुरू झाल्या, दाब आटोक्यात आला आणि मगच आम्ही निघालो.

राणीचा बाग आणि शिवाजी पार्कचा कट्टा

‘डेक्कन क्वीन’ १९३० पासून धावते आहे. तिने सकाळी आम्हांला दादरला उतरवले. सामान एका साध्या अतिथिगृहात ठेवले आणि टॅक्सीने भायखळ्याचा राणीचा बाग गाठला. वृद्धांसाठी मुंबईत याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. दाट सावली आहे, बसायला बाके आहेत आणि चालणे आपल्या बेताने करता येते. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी होते. वैद्यकी करता करता त्यांनी शिलालेख वाचले, इतिहास लिहिला. पोटापाण्याचा व्यवसाय हीच माणसाची सारी ओळख नसते, हे मला तिथे नव्याने जाणवले. आईला मात्र जुन्या मुंबईतील कारागिरांच्या मातीच्या छोट्या मूर्ती पाहण्यात अधिक रस होता. दर वीस मिनिटांनी बसायचे आणि घोटभर पाणी प्यायचे, हा नियम आम्ही पाळला. तुम्ही जाणार असाल तर बुधवार टाळा. त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती घेतली. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. तिथे तिकीट लागत नाही. क्रिकेट खेळणारी मुले, फेऱ्या मारणारे निवृत्त गृहस्थ आणि समुद्राकडून येणारा वारा, एवढ्यावर आमची संध्याकाळ समाधानाने गेली.

लालबागची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी ओसरल्यावर बेस्टच्या बसने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने हिंदमाता, परळ करीत लालबागला उतरलो. आईची चाळ उभी होती. तिच्या मागे, जिथे पूर्वी गिरणीची चिमणी दिसायची, तिथे आता काचेची उंच इमारत आहे. चाळीचे जिने अरुंद आणि झिजलेले होते, म्हणून आईला आम्ही वर नेले नाही. खालच्या दुकानदाराने खुर्ची दिली. तिथे बसून ती बोलू लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. नेते दत्ता सामंत स्वतः व्यवसायाने डॉक्टर होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. माझे मामा त्यांपैकीच एक. आई तेव्हा लग्न होऊन पुण्यात आलेली होती, परंतु माहेरी तिचे जाणेयेणे होते.

“दहा बाय बाराची खोली आणि आठ माणसं,” ती म्हणाली. “डब्यात किती तांदूळ उरलेत ते लहान पोरालाही ठाऊक असायचं. आधी माझ्या आईचं दम्याचं औषध, मग वाणी, मग बाकीचं, असं तुझ्या मामानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. लपवायला जागाच नव्हती रे. आपल्याकडे तीन खोल्या आहेत. तू तुझ्या खोलीत लपवलंस, मी माझ्या.”

यावर मला उत्तर सुचले नाही. आम्ही चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडा घेतला. त्यातील मिठाचा विचार करून आईच्या वाट्याला मूठभरच आला, आणि त्याबद्दल ती माझ्याशी भांडली.

याच गिरणगावाच्या इतिहासात नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. विश्रांती ही चैन असती, तर दिवस दिवस राबणाऱ्या त्या माणसांनी ती इतक्या निकराने मागितली नसती. अडचणीच्या काळात सुट्टी घेतल्याबद्दल माझ्या मनात जी अपराधी भावना होती, ती परतीच्या गाडीत बरीच ओसरली.

घरातला हिशेब

त्याच गाडीत कागदावर आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला: शिल्लक किती, महिन्याचा खर्च किती, संध्याकाळच्या दवाखान्यातून किती येते. सहलीचा खर्च सात हजार सहाशे झाला होता. आईने सर्व आकडे शांतपणे ऐकले. आकडा कितीही लहान असला तरी तो अंधारातल्या भीतीपेक्षा सोसवतो, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या घरातील कोणाच्या नोकरीवर असे सावट असेल, तर काही गोष्टी अवश्य करा. वृद्धांना खरे सांगा आणि आकड्यांत सांगा. त्यांच्या गोळ्या महिन्यातून एकदा, त्यांचा मान राखून, त्यांच्यासमवेत मोजा. खर्च कमी करायचा असेल तर गोळी वगळू नका. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्तात मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मिळेल का, हे शेवटच्या दिवसाआधी लेखी विचारून घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे; ते आजच काढून ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ असे कोणी बोलत असेल, तर डॉक्टरांकडे जा. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

माझे पत्र अजून आलेले नाही. येईल, असे मी धरून चाललो आहे. काल रविवारी आई आणि मी डबा उघडून बसलो होतो. गोळ्या तिने मोजल्या, वहीत मी लिहिले. हिशेब जुळला.