माळावरची हजेरी

मुलांनो, शाळेत हजेरी घेणं हे माझं रोजचं काम. पण मी आणखी एक हजेरी घेतो बरं का! संध्याकाळी, टेकडीवर बसून. या हजेरीत कुणी ‘हजर’ म्हणत नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगररांगेत. जिल्हा अहिल्यानगर; तुमचे आजोबा अहमदनगर म्हणतील. गावामागच्या टेकडीवर चढलं की पलीकडे मुरमाड माळ दिसतो, गुडघाभर कुसळी गवताचा. दसऱ्याच्या सुमारास तिथं पाहुणे येतात. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी. घारीपेक्षा सडपातळ, पंख लांब. काहीतरी हरवल्यासारखे गवतावरून अगदी खालून शोधत शोधत उडतात. नाकतोडे, उंदीर, सरडे हे त्यांचं खाणं. नर राखी, मादी तपकिरी. गंमत म्हणजे हे झाडावर झोपत नाहीत! दिवसभर एकेकटे हिंडतात आणि सूर्य मावळताना कुठून कुठून येऊन एकाच गवतात, जमिनीवर बसतात. म्हणून तर मोजता येतात. फाल्गुन-चैत्रात ते परत निघतात. शास्त्रज्ञांनी काहींच्या पाठीवर छोटं यंत्र बसवून माग काढला, तो थेट कझाकस्तानात पोचला.

आता माझी अडचण ऐका. पक्षी येतात त्याच सुमारास माझा वर्ग रिकामा होतो. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, पोरंही बरोबर. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडाला, पक्षी गेल्यावर. आपल्याच माळावरचा हा पक्षी माझ्या कितीतरी मुलांनी कधी पाहिलेलाच नव्हता!

गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा मात्र आजीपाशी राहिला. वर्गात गप्प गप्प असायचा. एकदा मी म्हटलं, “चल रे टेकडीवर.” फाल्गुनातले दिवस. खालच्या रस्त्यानं कानिफनाथांच्या यात्रेला, मढीकडे, माणसं चालली होती. मी दुर्बीण लावून वहीत रेघा मारत होतो.

“एकोणीस!” मी खुशीत म्हणालो.

“सतराच हायेत, गुरुजी.”

“कशावरून?”

त्यानं मूठ उघडली. मुठीत खडे! “एक बसला की एक खडा. उठला की खडा माघारी. तुम्ही उठलेले दोन परत धरले.” फडात बापाच्या मोळ्या तो अशाच मोजायचा म्हणे.

मी एकोणीस खोडून सतरा लिहिले. खरं सांगतो, जड गेलं. एकोणीस हा आकडा मला आवडला होता ना!

मग दगडावर बसून त्याला एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एक डोंगर आहे. त्यावरून जाणाऱ्या ससाण्यांना, गरुडांना लोक हौसेनं गोळ्या घालत. १९३४ साली रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगर भाड्यानं घेऊन शिकार बंद केली, आणि बंदुकीच्या जागी वही-पेन्सिल आली. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींत गरुडांची कोवळी पिल्लं कमी कमी होताना दिसली. कीटकनाशकांचे दुष्परिणाम दाखवताना रेचल कार्सन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात याच नोंदींचा आधार घेतला. तिथल्या कुणी माझ्यासारखे आवडीचे आकडे लिहिले असते तर?

“मंग त्यांच्याकडं खडे नव्हते व्हय?” पोरगं म्हणालं. घ्या!

त्यानंतर तो रोज येऊ लागला. सतराचे चौदा झाले, मग नऊ. मला रोज चुटपुट लागायची. हा मात्र दिवसेंदिवस खुलत चाललेला. एक दिवस न राहवून विचारलं, “पक्षी चाललेत, आणि तुला रे कसला आनंद?”

“ते गेले की आई यील. आजी म्हणली.”

पुढच्या आठवड्यात एका दुपारी गावात ट्रॅक्टर आला, भांडीकुंडी, शेळ्या आणि माणसांनी भरलेला. संध्याकाळी मी त्याची वाट पाहिली. नाही आला. का येईल?

त्या दिवशी खडे मी एकट्यानंच टाकले. तीन. अंधार पडता पडता त्यातला एक उठला, टेकडीवरून उत्तरेला गेला, आणि मी एक खडा माघारी उचलला.