बोनेटखाली बोर्डो



आजची नोंद संत्र्याची नाही, गाडीची आहे. पण तिच्यात एचटीपी आहे, मोरचूद आहे आणि माझी एक चूक आहे, म्हणून इथंच लिहितो. ज्यांच्या कोठ्यात भावाची नाहीतर जावयाची गाडी उभी असते त्यांनी तर वाचाच.

माझा धाकटा भाऊ राजू हैदराबादला नोकरीला आहे. त्याच्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. दिसायला साधी चार दारांची गाडी, आत मात्र १.८ लिटरचं टर्बो इंजिन, दीडशे घोड्यांचं. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे चार सिलिंडरला वीस. या कंपनीनं २००१ साली आपल्या औरंगाबादेत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. १९७७ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत त्यांच्याच १३० आरएसनं आपल्या गटात पहिला नंबर काढला होता, हे मला राजूनं किमान वीस वेळा सांगितलंय. त्यानं ही गाडी २०११ ला नागपुरात सेकंडहँड घेतली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढ्यात तर ट्रॅक्टर आला असता." ते खरंच होतं.

हैदराबादच्या फ्लॅटला पार्किंग एकच. म्हणून २०२२ पासून ही गाडी काटोलला माझ्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. त्याच्या आदल्या वर्षी आमची वाटणी झाली होती. विहिरीच्या पाण्यावरून आणि धुऱ्यावरच्या झाडांवरून जे बोलणं झालं ते झालं, त्यानंतर आमचा फोन बंदच पडला होता. गाडी आली आणि फोन परत सुरू झाला. दर रविवारी मी ती पंधरा मिनिटं चालू करून ठेवायचो, मग राजूचा फोन यायचा. "चालू झाली का?" "झाली." "बॅटरी?" "बरी आहे." एवढंच बोलणं, पण दर आठवड्याला.

२०२४ च्या दिवाळीला तो पोराबाळांसह येणार होता. मी म्हटलं, गाडी धुवून ठेवू. बोनेट उघडलं तर इंजिनवर बोटभर धूळ, वर उंदराच्या लेंड्या. दोनच दिवस आधी आंबियाच्या झाडांवर बोर्डो मारला होता. एचटीपी शेडसमोरच उभा, ड्रमही तिथंच. ड्रमच्या तळाला निळा गाळ होता, तो नीट न धुताच वरून पाणी भरलं, पंप सुरू केला आणि गन सरळ इंजिनवर धरली. दहा मिनिटांत सगळं चकाचक. उन्हात वाळवून गाडी चालू केली तर दोन मिनिटं थरथरली, मग सरळ झाली. मी म्हटलं, थंड असंल.

राजू आला, गाडी पाहून खूष झाला. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन नागपूरला निघाला. कळमेश्वरच्या पुढं मोकळा रस्ता दिसला म्हणून चौथ्या गिअरात दाबली, तर गाडीनं झटके मारायला सुरुवात केली आणि इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. बिचारा फेटरीपासून चाळीसच्या स्पीडनं नागपुरात पोचला.

संध्याकाळी फोन. "दादा, कोणी चालवली होती का रे गाडी?"

मी म्हणालो, "बाहेर कायले नेऊ मी? रविवारी तर बरी चालू झाली होती."

यातला शब्द न् शब्द खरा होता. धुण्याचं मात्र मी बोललो नाही. आणि मला त्याच वेळी शंका आली होती, हे इथं लिहून ठेवतो. एचटीपीच्या छोट्या इंजिनच्या प्लगमध्ये पाणी गेलं की काय होतं ते मी दर पावसाळ्यात पाहतो. वाटणीनंतर आधीच बोलणं जेमतेम, त्यात हे कसं सांगू, असं वाटलं.

शहरातल्या एका गॅरेजनं मशीन लावली. कोड आला पी-०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी-०३०० आला असता तर कोणता सिलिंडर ते नक्की नाही, सगळीकडे थोडं थोडं, असा अर्थ. इथं तर यंत्रानं बोट ठेवून जागा दाखवली होती. तरी त्यांनी आधी इंजेक्टर साफ केले, त्याचे साडेचार हजार घेतले. फरक पडला नाही. मग चारही कॉइल, पेट्रोल पंप आणि टर्बोचं काही असं मिळून चाळीस हजारांवर अंदाज दिला. पान पिवळं दिसलं की दुकानदार एकाच वेळी झिंक, फेरस, बुरशीनाशक आणि टॉनिक हातात देतो, तसलाच प्रकार. राजू गाडी घेऊन परत काटोलला आला आणि म्हणाला, "विकून टाकतो दादा. भंगारवाल्याला बोलाव."

मी म्हणालो, "एक दिवस थांब. आपण उघडून पाहू."

इथं थोडं यंत्राबद्दल सांगतो, कारण एचटीपी, पॉवर वीडर, मोटरसायकल, सगळ्यांना हेच लागू आहे.

पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं बरोबर मिश्रण, ते दाबलं जाणं, आणि वेळेवर ठिणगी. एक चुकली की तो सिलिंडर काम करत नाही. चार बैलांच्या नांगराला एका बैलानं ओढणं सोडलं की जू कसं हिसका देतं, तसा इंजिनचा हिसका बसतो. गाडीतलं कॉम्प्युटर तेच पाहतं. क्रँकच्या फिरण्यावर एक सेन्सर असतो, प्रत्येक सिलिंडरच्या पाळीला फिरणं किती जोर धरतं ते तो मोजतो. या इंजिनची पाळी १-३-४-२. तिसऱ्याच्या पाळीला दरवेळी जोर कमी पडला की कोड येतो ०३०३. पण तो एवढंच सांगतो की बैल ओढत नाही. का ओढत नाही, ते त्याला कळत नाही.

दिवा नुसता लागलेला असेल तर थोडा वेळ आहे. लुकलुकत असेल तर गाडी हळू करा, जमलं तर थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो गेला की खर्च कॉइलच्या कित्येक पट.

आमची गाडी उभ्या उभ्या नीट चालायची, झटके फक्त दाबल्यावर. ही फार कामाची खूण आहे. प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील ते आतल्या दाबावर ठरतं. टर्बोनं हवा कोंबली की दाब वाढतो आणि जास्त व्होल्ट लागतात. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. पण वाटेत कुठं कमजोर जागा असेल तर वीज फटीतून न जाता तिथून पळते. ठिबकच्या नळीला बारीक चीर असली की कमी प्रेशरवर समजत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पाणी तिथूनच उडतं. अगदी तसंच. ३००० आरपीएमला एका प्लगला सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी द्यावी लागते. त्यातल्या आठ-दहा चुकल्या तरी गाडी थरथरते.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बसलो. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. एका ओळीत चार कॉइल, प्रत्येक आपापल्या प्लगवर थेट बसलेली. राजूनं तिसरीचं सॉकेट सोडवलं आणि कॉइल हळूहळू फिरवत वर ओढली. बाहेर आली तर खालच्या रबरावर फिकट निळा थर. बॅटरी मारून खड्ड्यात पाहिलं, तिथंही कडेला निळं सुकलेलं.

"दादा, हे निळं काय आहे?"

काटोलात जन्मलेला माणूस. मोरचूद त्याला माहीत नाही असं नाही. तो विचारत होता ते दुसरंच काही होतं.

मी सांगितलं. एचटीपी, ड्रम, गाळ, थरथर, फोनवर गप्प बसलो ते, सगळं. तो काहीच बोलला नाही. पाना हातात तसाच. मग म्हणाला, "आधी बाकीच्या तीन काढ."

बाकीच्या तीन खड्ड्यांतही थोडं थोडं निळं होतं! म्हणजे पाणी सगळीकडे गेलं होतं, पण आजारी एकच. मग निळं दिसलं म्हणजे कारण सापडलं असं म्हणता येईना. तिसऱ्या कॉइलचं रबर उन्हाकडे धरून पाहिलं तर त्याला आधीपासूनची बारीक चीर होती, आणि त्या चिरेतून वर पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ. याला ट्रॅकिंग म्हणतात. खारट पाण्यातून वीज रबराच्या अंगानं पळाली, जिथून पळाली तिथं कोळसा झाला, आणि कोळशातून वीज जाते. म्हणून पाणी सुकलं तरी वाट कायमची झाली. ही रेघ पुसून जात नाही.

तरीही कॉइल लगेच मागवली नाही. आधी अदलाबदल केली. तिसरी कॉइल पहिल्यावर, पहिलीची तिसऱ्यावर. प्लग जागचे हलवले नाहीत. हे महत्त्वाचं. दोन्ही एकदम बदलले तर कशानं फरक पडला ते कळत नाही, जसं एकाच ओळीत खत आणि फवारणी दोन्ही बदलून कोणाचा गुण ते सांगता येत नाही. राजूनं आपल्या मोबाईलला जोडायचं छोटं स्कॅनर आणलं होतं, त्यानं जुना कोड पुसला. कोंढाळीच्या रस्त्यावर दोघं गेलो. त्यानं दाबली, झटका आला, दिवा लुकलुकला. बाजूला घेऊन पाहिलं. पी-०३०१.

दोष कॉइलसोबत तिसऱ्यावरून पहिल्यावर गेला होता. तो तिसऱ्यावरच राहिला असता तर पुढं प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, असं एकेक करत जावं लागलं असतं.

मग प्लग काढले. काढण्याआधी टायरच्या हवेच्या कंप्रेसरनं चारही खड्डे फुंकून घेतले. हे विसरू नका, नाहीतर प्लग सुटताच सगळा कचरा सिलिंडरमध्ये पडतो. तीन प्लग विटकरी-तपकिरी, म्हणजे तब्येत उत्तम. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तीच काळी रेघ. तुमच्या एचटीपीचा प्लगही असाच वाचता येतो: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली, ओला म्हणजे ठिणगीच नाही, पांढराफटक म्हणजे इंजिन गरम पळतंय.

कॉइल एक आणि प्लग चार, असं घाट रोडवर शोधत फिरलो. तिसऱ्या दुकानात म्हणाले, मागवावं लागंल. दोन दिवस लागले. कॉइलचे साडेतीन हजार. नव्या प्लगची फट ०.८ मिलिमीटर आहे का ते गेजनं पाहिलं. प्लग बसवताना जुनी युक्ती: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवायचा आणि बोटांनी फिरवायचा. आटा तिरपा धरला तर नळी नुसती घसरते, जोर लागतच नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, पान्यानं तिरपा घुसवला तर आटे गेले. शेवटी टॉर्क पान्यानं ३० न्यूटन मीटर, त्याहून जास्त नाही. उरलेल्या तीन कॉइलची रबरं पुसून, चीर नाही याची खात्री करून परत बसवली.

परत त्याच रस्त्यावर गेलो. चौथा गिअर, पूर्ण दाबली. मी खिडकीवरचं हँडल धरून बसलो होतो. गाडी एका सुरात ओढत गेली. राजूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत दाबली.

घरी आल्यावर मी इंजेक्टरचे साडेचार हजार त्याला फोनवरून पाठवले. मला वाटलं होतं, नको म्हणंल. त्यानं घेतले, आणि मला बरं वाटलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही धुऱ्यावरून चालत होतो. त्याच्या हिश्श्यातली झाडं तो बटईनं देतो. चार-पाच खोडांना डिंक वाहत होता. त्यानं बोट लावून पाहिलं.

"मोरचूद किती टाकतोस रे दादा?"

"शंभर लिटरला एक किलो, आणि एक किलो चुना. दोन्ही वेगळे भिजवून एकत्र ओतायचे. मग लोखंडी विळा बुडवून पाहायचा, त्यावर तांबूस चढलं तर चुना अजून घालायचा. आणि ज्या दिवशी केला त्याच दिवशी मारायचा, उरवायचा नाही."

"उरला तर माझ्या गाडीवर मारतोस न," तो म्हणाला.

खोडाची डिंकाची साल खरवडून बोर्डो पेस्ट लावायची, वर फवारणी, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्याची बस दुपारची होती. सकाळी सहालाच तो जुनी पँट घालून शेडमध्ये येऊन उभा राहिला. मी ड्रम उलटा करून, तळ घासून, दोनदा साध्या पाण्यानं धुतला.